कुलूपच नव्हतं

९ सप्टेंबर, मंगळवार

प्राचार्यांचं बोलावणं आलं की मी आधी मनातल्या मनात माफी मागते, आणि आपलं काय चुकलं ते त्यानंतर शोधायला लागते. नोकरीला तेरा महिने झाले. कायम व्हायला अजून अकरा आहेत.

रीना मॅडमनी बसायला सांगितलं. "ईरा, 'तीसरी चाबी' देख रही हो?"

मी म्हटलं, नाही. खरंच पाहत नव्हते.

"तो देखो. पूरी आठ कड़ी. पालक समिति में झगड़ा हो गया है. आधे कहते हैं बच्चों को मत देखने दो, आधे बच्चों के साथ बैठकर देख रहे हैं. तुम दो पन्ने का मत लिख दो, नौवीं से बारहवीं के बच्चों के लायक है या नहीं. तुम ईमानदार हो. और शादी-वादी हुई नहीं, टाइम है तुम्हारे पास."

शेवटच्या वाक्याचा राग घरी पोचेपर्यंत होता. वेळ आहे म्हणे! नववीला इतिहास, दहावीला नागरिकशास्त्र, वर ग्रंथालय.

मालिका आपल्याच जिल्ह्यातल्या, दहा वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणावर आहे असं सगळं बालाघाट म्हणतं. पडद्यावर 'सच्ची घटना से प्रेरित' एवढंच येतं. मलाजखंडकडच्या रस्त्यावर एका ठेकेदाराचा सुपरवायझर गोदामाच्या जिन्याखाली मेलेला सापडतो. गोदामाला कुलूप. दोन चाव्यांचा हिशेब लागतो. तिसरी, म्हणे, बायकोकडे होती.

आबांना, माझ्या आजोबांना, सांगितलं. ते बावीस वर्षं इथल्या जिल्हा न्यायालयात रीडर, म्हणजे न्यायाधीशांपुढचे कागद सांभाळणारे, होते. लहानपणी मला दमा होता म्हणून पाचवीपर्यंत त्यांनीच घरी शिकवलं. रोज संध्याकाळी पाटीवर तीन रकाने आखायला लावत: पाहिलं, ऐकलं, वाटलं. दिवसभराचं एकेक वाक्य योग्य रकान्यात गेलं नाही तर पाटी पुसायची आणि पुन्हा. आज एवढंच म्हणाले, "रकाने विसरू नको."

विसरीन कशी? रोजनिशी लिहितानासुद्धा ते डोळ्यांपुढे असतात.

११ सप्टेंबर, गुरुवार

दोन भाग झाले. वहीत नोंदी करते आहे. पहिल्या भागात रक्त चार वेळा, शिव्या सतरा, सिगारेट नऊ. दुसऱ्यात नवऱ्याने बायकोला मारण्याचा एक प्रसंग सहा मिनिटांचा, आणि त्याला पार्श्वसंगीत असं की जणू कुठली मोटार भरधाव चालली आहे.

माझा संताप रक्ताचा नाही. 'माया' नावाची ती बायको भाजी चिरते आहे, आणि कॅमेरा सुरीवर. माया हसते, कॅमेरा तिच्या दातांवर. तिने काही केलेलं आपण पाहिलेलंच नाही. पण तिनेच केलं असं आपल्याला वाटावं म्हणून सगळी धडपड. म्हणजे 'वाटलं'चा रकाना उचलून 'पाहिलं'त ओतायचा! चौदा वर्षांच्या पोराला हे कळणार कसं? त्याला कोणी पाटी दिली होती?

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मी म्हटलं, "आई, हे मी कामासाठी पाहते आहे."

"हो ना, मी कुठं काही म्हणून राहिली? पण तिनंच मारलं आहे. पाचव्या भागात बघशीन तू."

आईने आठही भाग पाहिलेत. मला कधी कळलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज मधल्या सुट्टीत जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

ग्रंथालयाच्या मागे कडुनिंबाखाली नववी-दहावीची पंधरावीस मुलं. 'तीसरी चाबी' खेळत होती. दहावीतला मोहित इन्स्पेक्टर. बाकीचे पब्लिक. आरोपी बाई नववी 'ब'मधली खुशी. कळलं की आरोपी रोज तीच होते. दुसरी कोणी तयार झाली तर खुशी तिला ढकलून स्वतः उभी राहते.

"चाबी कहाँ है, माया?" मोहितने दरडावलं. पब्लिक ओरडलं, "चाबी! चाबी!"

खुशी हात मागे बांधून उभी होती. हसत नव्हती. म्हणाली, "ताला था ही नहीं, साब. बस कुंडी थी. कुंडी कोई भी लगा सकता है."

"अबे, ये डायलॉग नहीं है!" मोहित वैतागला. "ये हर बार अपना डायलॉग घुसाती है!"

"ताला था ही नहीं," ती पुन्हा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. सगळे टाळ्या वाजवायला लागले. एवढा अभिनय!

मी पुढे होऊन सगळ्यांना वर्गात पाठवलं. चौदा वर्षांची पोर एका खुनी बाईसाठी रडते आहे. हे शिकवलं त्या आठ भागांनी.

१४ सप्टेंबर, रविवार

'ताला था ही नहीं' हे वाक्य मालिकेत नाही. मी आठही भाग तपासले. सहावा दोनदा पाहिला, कारण तिथे कोर्टाचा प्रसंग आहे. (आणि हेही लिहिते: दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा फक्त तपासत नव्हते.) उलट तिसऱ्या भागात कुलूप अगदी जवळून दाखवलंय, पितळी, वर घोड्याचं चित्र.

म्हणजे मुलगी मनाने रचते. खुनी बाईला वाचवायला खोटं रचते. आठ भाग बिनदिक्कत खोटं दाखवणाऱ्यांपेक्षा हे मला जास्त भयंकर वाटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

खुशी ग्रंथालयात आली. माझ्याशी ती मराठीत बोलते; वर्गात तेवढ्या आम्ही दोघीच मराठी. परसवाड्याकडची आहे. प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून मामाचं नाव आहे.

"मॅडम, त्या पिच्चर बनवनाऱ्यायले पत्र कुठं धाडा लागते?"

"कुठल्या?"

"तीसरी चाबीवाल्यायले. पत्ता भेटन का कुठं?"

चाहत्याचं पत्र! मी विचारलं, काय लिहिणार आहेस? तिने मान खाली घातली. "आहे एक गोष्ट सांगाची."

मी म्हटलं, त्यापेक्षा मराठ्यांच्या आरमाराची टिपणं पूर्ण कर. ती 'हौ' म्हणाली. जाताना दारात थांबली. "मॅडम, आमच्या घरी भुलाबाई मांडली आहे. कोजागिरीले शेवटची खिरापत. वर्गातल्या नऊ पोरीयले सांगतलं. तुमी याल का?"

लहानपणी मीही भुलाबाईला जायची. गाणी झाली की बंद डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. पण शिक्षिकेने एकाच मुलीच्या घरी जाणं बरं नाही. मी 'बघू' म्हटलं. बघू म्हणजे नाही हे तिला कळलं असावं. (हे 'वाटलं'त.)

१७ सप्टेंबर, बुधवार

मत लिहून दिलं. दोन पानं रीना मॅडमनी सांगितली होती, पाच झाली. हिंदीत लिहायचं होतं, ते तीनदा तपासलं. मुख्य परिच्छेदाचा मराठी अर्थ इथे ठेवते:

"या मालिकेचा किशोरवयीन मनावर होणारा परिणाम प्रत्यक्ष पाहण्यात आला आहे. नववीतील एका विद्यार्थिनीला खुनी स्त्रीविषयी उघड सहानुभूती वाटते. ती दररोज तिची भूमिका करते, तिच्यासाठी अश्रू ढाळते, आणि तिच्या बचावासाठी मूळ कथेत नसलेली खोटी विधाने रचते. ही नैतिक गोंधळाची गंभीर खूण असून पालकांनी तातडीने लक्ष घालावे."

नाव दिलं नाही. एवढी काळजी घेतली.

मॅडमनी उभ्याउभ्याच वाचलं. "बहुत बढ़िया. ये उदाहरण वाला पैरा सबसे अच्छा है." मला बरं वाटलं. फार दिवसांनी मनातल्या मनात माफी मागितली नव्हती.

२० सप्टेंबर, शनिवार

सुचत नाही कुठून सुरुवात करू. क्रमानेच लिहिते.

नाव दिलं नव्हतं, पण विचारायला कितीसा वेळ लागतो? मोहितने सांगितलं. आज साडेअकराला खुशीच्या पालकांना बोलावलं होतं. पालक समितीचे अध्यक्ष घनश्यामजी हजर होते. माझा अहवाल टेबलावर. मला 'मदतीला' बसवलं.

मामा आला, महागू नावाचा, शेतातून सरळ आल्यासारखा. त्याच्यामागे चाळिशीची एक बाई. पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, बोटाला शिवणाची टोपी तशीच राहून गेलेली. खुशीची आई, कमला. आम्ही कोणी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी परिच्छेद वाचून दाखवला. 'खुनी स्त्री' या शब्दाला महागूने टोपी काढून मांडीवर ठेवली. वाचून झाल्यावर कमलाबाई म्हणाली, "हे कोनं लिवलं?"

मी हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरगी खोटं नाई बोलली, बाई. कुलूप नोतंच. थे बाई म्या आहो."

ती पुढे म्हणाली,

"चौदा महिने जेलात होती म्या. मंग कोर्टानं सोडलं. पोरगी चार वर्साची होती, माह्या भावाकडं राह्यली. तिले सगळं मालूम आहे. म्याच सांगतलं. दुसऱ्यानं सांगाच्या पह्यले आपन सांगावं म्हून."

घनश्यामजी खुर्चीत सरळ बसले. "अच्छा. तो आप वो हैं." एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले, की जणू आठ भाग पाहिलेला माणूस नवव्या भागात येऊन बसावा.

माझे पाच पानी शब्द टेबलावर पडले होते.

२१ सप्टेंबर, रविवार

आबांना अहवालाची प्रत वाचायला दिली. त्यांनी भिंग लावून पाचही पानं वाचली. मग पेन्सिल मागितली आणि त्या परिच्छेदाच्या समासात तीन उभ्या रेघा ओढल्या. पाटीवरचे रकाने.

"भर," म्हणाले.

मी भरले. पाहिलं: मुलगी आरोपीची भूमिका करते, रडते, 'कुलूप नव्हतं' म्हणते. ऐकलं: रोज करते. वाटलं: सहानुभूती, खोटं, नैतिक गोंधळ, खूण, गंभीर. सगळं तिसऱ्यात.

"'खुनी' कुठं टाकशीन?"

मी तोही शब्द तिसऱ्यात लिहिला.

"आणि खोटं आहे हे तपासलंस कशावरून?"

मालिकेवरून! ज्या मालिकेला अकरा दिवस खोटारडी म्हणून शिव्या देते आहे, तिचंच पितळी कुलूप मी पुरावा धरलं आणि पोरीला खोटं ठरवलं. त्या लोकांनी निदान 'प्रेरित' असं लिहिलं तरी होतं. मी 'प्रत्यक्ष पाहण्यात आला आहे' असं लिहिलं.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

खटल्याचा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळाला. एकतीस पानं, हिंदीत. दुपारभर आम्ही दोघांनी वाचला. पान बावीस: पंचनाम्यात दाराला बाहेरून फक्त कडी होती, कुलूप सापडलं नाही, शेजाऱ्यांनी कुलूप पाहिल्याचं आधी सांगितलं आणि उलटतपासणीत फिरवलं. पान एकोणतीस: आरोपी त्या वेळी परसवाड्याच्या सरकारी दवाखान्यात मुलीला ताप आला म्हणून गेली होती; दवाखान्याच्या रजिस्टरात नोंद आहे. पडला की पाडला, तेही सिद्ध नाही. चावी हा शब्द एकतीस पानांत एकदाही नाही.

आई मागे उभी राहून ऐकत होती. "पण मग त्यांनी एवढं मोठं कुलूप दाखवलं ते?" म्हणाली.

मी आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

शनिवारपासून सगळ्या शाळेला माहीत आहे. कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, आणि आता मी अंदाज करणार नाही. कडुनिंबाखालचा खेळ बंद पडला. खुशी बाकावर एकटी बसते. शेजारची मुलगी उठून मागे गेली. मी तिला परत पुढे बसवलं. ती बसली, पण बाकाच्या कडेला, जणू मध्ये कोणी तिसरं बसलं आहे.

रीना मॅडमनी कमलाबाईंना निरोप धाडला: मुलीच्याच भल्यासाठी तिची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढून घ्यावी, दुसऱ्या शाळेत शांतपणे शिकेल. सत्तावीसच्या पालक सभेआधी अर्ज आला तर बरं. समितीचा आग्रह आहे.

मी ऑफिसात गेले. म्हटलं, मॅडम, माझा अहवाल चुकीचा आहे, तो मी मागे घेते.

"सीरियल बच्चों के लायक नहीं है, यही तो लिखा है तुमने. वो तो सही है न?"

"पण मुलीबद्दलचं..."

"ईरा. तुम्हारा प्रोबेशन चल रहा है. भावुक मत बनो."

भावुक! मालिकेवर मी चिडले तेव्हा ईमानदार होते.

ग्रंथालयात खुशी पुस्तकं परत करायला आली. सगळी एकदम. मी माफी मागितली. विद्यार्थिनीची माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं. जशी आली तशी मागितली. ती पुस्तकांच्या पाठी एका रेषेत लावत होती.

"खुशी, तू तो खेळ का खेळायचीस?"

"दुसरी कोनी माया झाली की ते डायलॉग बोले ना, मॅडम. 'हाँ, मैंने मारा.' म्या झाली तं म्या नाई बोलत होती."

मग म्हणाली, "तुमाले इचारलं होतं ना मॅडमनं, हे आमच्या वयाच्या पोरायसाठी बराबर आहे का म्हून? म्या चार वर्साची होती तवा पोलीस आले. तवा कोनी नाई इचारलं का हिच्या वयाले हे बराबर आहे का."

पुस्तकं मी जमा करून घेतली नाहीत. म्हटलं, मुदत संपलेली नाही, घेऊन जा. एवढंच माझ्या हातात होतं, तेवढं केलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

शाळेत काही नाही. दमा उपटला. पंप शोधावा लागला. चार वर्षांत लागला नव्हता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर कमलाबाईंकडे गेले. बसस्टँडमागच्या गल्लीत एक खोली, शिलाई मशीन दारातच. मी उद्याच्या सभेत काय वाचणार ते त्यांना आधी दाखवलं. त्यांच्याबद्दल मी विचारल्याशिवाय आता एक अक्षर लिहिणार नाही.

त्यांनी कागद खुशीला वाचायला दिला आणि पायडल मारत ऐकलं.

"बाई, आता लपवाले का उरलं? वाचा. पन रडू नोका तिथं. तुमाले रडू येते म्हने लवकर."

"कोणी सांगितलं?"

"ही सांगते. म्हने मॅडम पोरायवर चिल्लावते आन् मंग लायब्ररीत जाऊन नाक पुसते."

खुशीने कागदामागे तोंड लपवलं. मला हसू आलं, फार दिवसांनी.

टीसीचा अर्ज मशीनच्या खाली कापडांच्या तुकड्यांत पडला होता. कोरा.

"भरणार?" मी विचारलं.

"उद्या सांगीन," त्या म्हणाल्या.

भिंतीशी पाटावर भुलाबाई बसली होती, मातीची, लाल लुगड्याच्या चिंधीत. मांडल्यापासून तिच्यापुढे आई आणि मुलगी दोघीच गाणी म्हणत होत्या. हे खुशीने सांगितलं नाही. कमलाबाईंनीच सांगितलं, दोरा तोडता तोडता.

२७ सप्टेंबर, शनिवार

सभा झाली. आठवतंय तोवर लिहून टाकते.

सभागृह भरलेलं. एरवी गुणपत्रिकेला न येणारे बापसुद्धा आले होते. मॅडमनी माझं नाव पुकारलं: "ईरा मैडम सीरियल पर अपना मत रखेंगी." त्यांना वाटलं मी तीच पाच पानं वाचेन.

मी माईकपुढे गेले. म्हटलं, मी दिलेल्या अहवालातला एक परिच्छेद खोटा आहे आणि तो मी लिहिला आहे. मग रकाने वाचले. मी काय पाहिलं. काय ऐकलं. काय मला नुसतं वाटलं. नंतर निकालाचं पान बावीस आणि एकोणतीस.

घनश्यामजी उठले. "मैडम, आपसे सीरियल का पूछा था. बच्चों के लायक है कि नहीं. आप कोर्ट-कचहरी ले बैठीं."

इतक्या दिवसांचा राग तोंडाशी आला. म्हटलं, "नहीं है लायक. न चौदह साल वालों के, न आपके. हम सब बड़े लोगों ने आठ-आठ घंटे देखा. मैंने तो एक कड़ी दो बार देखी. इस कमरे में एक ने भी पूछा, कि अदालत ने क्या कहा था? एक बच्ची पूछे बिना बता रही थी, रोज़, नीम के नीचे. उसको हमने तालियाँ दीं, और उसके बाद टीसी का फॉर्म."

मला वाटलं, पोचलं. आणि मधल्या रांगेतून एक आई, भाबडेपणाने, अगदी मनापासून: "तो फिर तीसरी चाबी किसके पास थी?"

मी माईकच सोडून दिला असता. पण मागच्या दाराशी कमलाबाई उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "ताला ही नहीं था, बहनजी."

एवढे सगळे चेहरे एकदम वळले, खुर्च्या करकरल्या. त्या चालत पुढे आल्या. महागू मागे, टोपी हातात. टीसीचा कोरा अर्ज त्यांनी रीना मॅडमच्या पुढ्यात ठेवला.

"म्या टीसी नाई मागत," त्या मराठीतच म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "बाई, सांगा याहिले हिंदीत. माह्या पोरीले काढाचं असन तं शाळेनं काढावं. पन कागदावर लिवून द्या, काहून काढली. सही करून. शिक्का मारून. मले कागदाचं मोल मालूम आहे. माह्या जवळ एकच आहे, एकतीस पानाचा, त्याच्यावर म्या जगून राह्यली."

मी हिंदीत सांगितलं. एकही शब्द न बदलता.

मॅडमनी घनश्यामजींकडे पाहिलं. घनश्यामजींनी चष्मा काढून पुसला. मॅडमनी अर्ज पुन्हा पाहिला. कारणाच्या रेघेवर पेन टेकवायला कोणी तयार नव्हतं. तोंडाने म्हणायला सगळे तयार होते, आठवडाभर म्हणत होते; लिहायला एक नाही. शेवटी मॅडमनी अर्ज फाइलखाली सरकवला आणि म्हणाल्या, "अगला विषय, वार्षिक खेलकूद."

३० सप्टेंबर, मंगळवार

मॅडमनी बोलावून सांगितलं की माझ्या कायम होण्यावर 'सोचना पड़ेगा'. मी मान हलवली. मनातल्या मनात माफी मागून झाली, तशीच, नेहमीसारखी. मला वाटलं होतं एकदा खरं बोललं की ही सवय जाते. जात नाही.

वर्गात खुशीच्या बाकावर तीच मुलगी परत पुढे बसली आहे. आज कडेला नव्हती. दोघींच्या मध्ये डबा उघडा होता. काही बोलत असतील; मी ऐकायला थांबले नाही.

मालिकेचा दुसरा हंगाम येतो आहे म्हणे. आईने सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "मी नाही बघणार." आबा पेपरामागून म्हणाले, "कोणत्या रकान्यात टाकू हे?"

खुशीने आणि मी मिळून ते पत्र लिहिलं. मालिकावाल्यांना. पत्ता मीच शोधला. तिने माझी चार विशेषणं खोडली. "एवढं नाई लागत, मॅडम. पान बावीसच धाडू."

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

दिवेलागणीला कमलाबाईंकडे गेले. आबांनी भुलाबाईसाठी झेंडूची माळ दिली होती; मी निघताना माझ्या पिशवीत आईने गुपचूप ठेवलेली मसाला दुधाची बाटली सापडली.

नऊ मुलींना सांगितलं होतं. चार आल्या. खुशीच्या बाकावरची मुलगी त्यांत होती. पाच आल्या नाहीत; का ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. खुशी मधूनमधून दाराकडे बघत होती, तेवढं पाहिलं.

अर्धी गाणी मुलींना येत नव्हती, त्या नुसत्या टाळ्या देत होत्या. कमलाबाईंचा आवाज मोठा आणि खणखणीत. मशीनवर कापड घालून त्यावर दिवा ठेवला होता.

मग खुशीने झाकण दाबून धरून स्टीलचा डबा आणला. मुलींनी ओळखायला सुरुवात केली. "लड्डू!" "नाई." "चकली!" "नाई." "तिखट का गोड?" "दोनी नाई!" हसण्याने खोली भरून गेली. डबा फिरत माझ्यापुढे आला.

"मॅडम, ओळखा."

मी म्हटलं, "मी नाही ओळखणार. तू उघडून दाखव."

"असं नाई चालत. भुलाबाईत ओळखाच लागते."

"खुशी, मला आता काही ओळखायचं नाहीये."

ती डबा माझ्या कानाशी घेऊन बसली. हळूच म्हणाली, "चुकलं तं का होते, मॅडम? कोनाले जेल थोडी होते?"

कमलाबाई दुधाचं पातेलं उतरवत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. तोंड भरून.

मी डबा हलवला. धप्, धप्, असा ओला, जड आवाज. "बटाटे?" म्हटलं. मुली लोळायला लागल्या. "खिरापतीले बटाटे!" मी म्हटलं, गुलाबजाम. नाही. करंज्या. नाही.

झाकण उघडलं. आत उकडलेले शिंगाडे, तळ्यातून कालच काढलेले, काळे, दोन शिंगांचे, अजून वाफ धरून.

आज मी तीनदा चुकले, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.